सात की साठ: अंबडमधल्या एका कंपनीतलं प्रकरण

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी आमच्या कंपनीतल्या एका पोराला कारणे दाखवा नोटीस दिली. ती नोटीस चुकीची होती. ते कळायला मला अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत काय काय झालं ते पूर्ण लिहून काढायचं मनात होतं, कारण नाशिकमध्ये अंबड, सातपूर, सिन्नर मिळून एवढ्या कंपन्या आहेत, त्यात माझ्यासारख्या एचआर आणि ॲडमिन दोन्ही बघणाऱ्या बऱ्याच जणी असतील आणि त्यांच्याकडेही असा एखादा मुलगा असेलच.

आमची कंपनी मध्यम आकाराची, एकशेचाळीस माणसं, गाड्यांना लागणारे बुश आणि प्रेसचे पार्ट बनतात. कंपनीचं आणि माणसांचं नाव लिहीत नाहीये, ज्या दोघांची ही गोष्ट आहे त्यांना विचारलं होतं, लिही म्हणाले पण नावं नको.

तो सव्वीस वर्षांचा, निफाड तालुक्यातला, घरी द्राक्षबाग आहे. जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. नाशिकला कर्णबधिर शाळेत शिकला, मग आयटीआय केलं आणि आमच्याकडे साडेतीन वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे. त्याच्या मित्रांनी त्याला दिलेलं नाव म्हणजे एक खूण आहे, डाव्या भुवईवर दोन बोटं टेकवायची, कारण तिथे लहानपणी सायकलवरून पडल्याचा व्रण आहे. त्याची नजर अशी आहे की बोअरच्या, म्हणजे भोकाच्या, कडेला केसाएवढा बर, म्हणजे धातूची बारीक धार, राहिला तरी तो नग हातात फिरवता फिरवता बाजूला काढतो, मी स्वतः बघितलंय, दोन सेकंद लागतात त्याला.

दुसरे अण्णा. बावन्न वर्षांचे, मशीनिंग सेलचे सुपरवायझर, त्याआधी एकोणीस वर्षं प्रेस शॉपला होते. भरघोस मिशा, आवाज मोठा, सगळी पोरं त्यांना मानतात. अण्णांनी सांगितलं म्हणजे झालं, असं आमच्याकडे आहे.

त्या दिवशी झालं असं. सकाळच्या चहानंतर लाइनवरचं एक गो प्लग गेज, म्हणजे भोकाचा साइज तपासायची दांडी, बदललं गेलं आणि जे ठेवलं ते जुनं, घासलेलं. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गो गेज घासलं की बारीक होतं, म्हणजे भोक साइजपेक्षा लहान असलं तरी ते आत जातं आणि नग पास होतो. हे दुपारी तीन चाळीसला गेज रूममध्ये लक्षात आलं. कधी बदललं ते बघितलं तर सात नंबरच्या बिनपासून, बिन म्हणजे नग भरायचा डबा. क्वालिटी हेडनी लगेच अण्णांना फोन लावला, सात नंबरपासून पुढचे सगळे बिन होल्डवर टाका, म्हणजे थांबवून ठेवा. साडेचारला चाकणच्या कस्टमरची गाडी भरायची होती.

अण्णांनी होल्डचे लाल टॅग लावायला त्या पोराला सांगितलं. टॅग लागले ते साठ नंबरपासून. सात ते एकोणसाठ, म्हणजे त्रेपन्न बिन, प्रत्येकी चाळीस नग, दोन हजार एकशेवीस नग गाडीत गेले. क्वालिटी हेड खाली आले तेव्हा त्यांना लाल टॅग लागलेले दिसले, झालं काम असं समजून ते वर गेले. दुसऱ्या दिवशी रात्री कस्टमरचा फोन, पिन बसत नाहीये, लाइन थांबलीय. आमची चार माणसं दोन दिवस चाकणला सॉर्टिंग करत बसली, वर डेबिट नोट, म्हणजे कस्टमरने नुकसानीचे पैसे आमच्या नावावर टाकल्याचा कागद, आली ती वेगळी.

मग कस्टमरला आठ डी रिपोर्ट, म्हणजे चुकीचं मूळ कारण आणि सुधारणा सांगणारा रिपोर्ट, द्यायचा होता. मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा 'का' विचारायचा 'फाइव्ह व्हाय'चा तक्ता भरायला बसलो तेव्हा पहिल्याच 'का' ला उत्तर तयार होतं. इन्स्पेक्टर बहिरा आहे, सूचना समजली नाही. पुढचे चार 'का' कोणी विचारलेच नाहीत. सुधारणा म्हणून लिहिलं, यापुढे फायनल इन्स्पेक्शनला कर्णबधिर कर्मचारी ठेवणार नाही. खोलीत सहा जण होतो आणि त्यात मीही होते आणि मी काही बोलले नाही. अण्णांना विचारलं तर म्हणाले, मी साठच सांगितलं होतं. पण तेव्हा सगळ्यांना वाटलं अण्णा पोराला पाठीशी घालतायत, स्वतःवर घेतायत, म्हणून ते वाक्य कोणी लिहूनही घेतलं नाही.

त्याला पॅकिंगला टाकलं आणि नोटीस दिली. नोटीशीची भाषा तीच, जी कॉम्प्युटरमध्ये वर्षानुवर्षं पडून आहे, "आपण वरिष्ठांच्या तोंडी सूचनेचे पालन करण्यात कसूर केली असून" वगैरे. त्याने दोन दिवसांनी उत्तर आणून दिलं, वहीच्या पानावर, निळ्या पेनाने:

"मी चूक नाही. अण्णा लिहिला ६०. कागद घर आहे. मी टॅग ६० पासून लावला बरोबर."

हे मी वाचलं आणि फाइलला लावून टाकलं. मला वाटलं तो एवढंच म्हणतोय की मी साठपासून टॅग लावले. "कागद घर आहे" हे मला काहीच कळलं नाही आणि न कळलेलं मी विचारलं नाही. मराठी मोडकं आहे म्हणजे म्हणणंही मोडकं असणार, असं मी मनात धरलं होतं, आता स्पष्टच लिहिते.

त्याचं मराठी तसं का आहे हे मला नंतर समजलं. त्याची रोजची भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे आणि तिचं व्याकरण मराठीचं नाही. तिच्यात वेळ आधी येते, काय, कुठे, कोण हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात, आणि ने, ला, चा, त असले आपले प्रत्यय नसतातच. मराठी त्याने कधी ऐकलेलंच नाही, फक्त वाचून वाचून उचललंय, तेही अशा शाळेत जिथे हाताने बोललं की रागवायचे आणि तोंडाने बोलायला लावायचे. अशा माणसाने लिहिलेलं "अण्णा लिहिला ६०" म्हणजे "अण्णांनी ६० लिहिलं". आपण जर नवी भाषा कधीही न ऐकता, नुसती पुस्तकातून शिकलो आणि तिच्यात नोटिशीला उत्तर द्यायची वेळ आली तर काय लिहू, हा विचार मी तेव्हा करायला हवा होता.

मग चौकशी. माझ्या केबिनमध्ये, मी, प्रॉडक्शन मॅनेजर आणि तो. दुभाषी नाही. मी हळू आणि मोठ्याने, तोंड भरपूर उघडून बोलत होते, म्हणजे त्याला ओठांवरून कळेल. आता माहीत झालंय की असं तोंड वाकडंतिकडं करून बोललं की ओठ वाचणं उलट अवघड होतं. आणि मुळात ओठांवर दिसतं तरी किती? आरशासमोर उभं राहून आवाज न करता पाट, बाट, माट म्हणून बघा, तिन्ही एकसारखे दिसतात. क, ख, ग तर घशाजवळच होतात, बाहेर काहीच दिसत नाही. उरलेलं सगळं संदर्भावरून जुळवायचं असतं, आणि समोर दोन साहेब बसलेत, नोकरी पणाला लागलीय, माझ्या मागे खिडकी असल्यामुळे माझा चेहरा अंधारात, अशा वेळी माणूस काय करतो? मान हलवतो.

तो प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होता. नोटीस मिळाली का, मान. अण्णांनी सांगितलं होतं का, मान. चूक मान्य आहे का, मान. आणि मी चौकशीच्या कागदावर माझ्या हाताने लिहिलं, "कर्मचाऱ्याने मान हलवून चूक मान्य केली."

हे वाक्य लिहिलेला कागद माझ्याकडे अजून आहे.

अकराव्या दिवशी त्याची बहीण आली. ती नर्सिंगला आहे, भावाशी हाताने बोलता येतं तिला, घरात तिलाच पूर्ण येतं, आईच्या खुणा घरच्या घरी बनवलेल्या आहेत. सुट्टी घेऊन निफाडहून एसटीने आली होती. बसली, पाणी घेतलं आणि म्हणाली, मॅडम, त्याने तुम्हाला लिहून दिलं होतं ना कागद आहे म्हणून, तुम्ही मागितलाच नाही. आणि पर्समधून खिशातल्या छोट्या डायरीचं एक पान काढून टेबलावर ठेवलं. पानावर तारीख होती आणि खाली पेन्सिलने लिहिलं होतं, "६० पासून पुढे होल्ड". अक्षर अण्णांचं. अण्णांचा सहा मी रोज हजेरीच्या कागदावर बघते, खालची शेपटी लांब ओढतात, चुकणं शक्य नाही.

मग बहिणीने सांगितलं ते असं. अण्णा त्याला तोंडाने सांगत होते, मिशांमुळे अण्णांचे ओठ त्याला कधीच वाचता येत नाहीत, कंप्रेसर सुरू होता पण त्याचा त्याला फरक पडत नाही. त्याने नेहमीसारखी डायरी पुढे केली. आकडा असेल तर तो लिहून घेतल्याशिवाय कधीच काम करत नाही, आयटीआयला असल्यापासूनची सवय. अण्णांनी लिहिलं. त्याने ६० वर बोट ठेवून पुन्हा अण्णांकडे बघितलं, अण्णांनी अंगठा दाखवला. त्याने टॅग लावले. म्हणजे त्या दिवशी अख्ख्या साखळीत एकच माणूस असा होता की ज्याने मिळालेली सूचना पक्की करून घेतली, आणि नोटीस गेली ती त्यालाच.

मग पाणी मुरत होतं कुठे? क्वालिटी हेड शपथेवर सांगत होते मी सात म्हणालो. अण्णा शपथेवर सांगत होते मला साठ सांगितलं. दोघांपैकी कोणी खोटं बोलणारा नाही हे मला माहीत होतं. क्वालिटी हेडनी एकच गोष्ट जोडली, ते म्हणाले मी फोनवर विचारलं होतं अण्णा कळलं ना, अण्णा म्हणाले हो हो, कळलं.

मी अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. ते वळून दार लावत होते, पाठ माझ्याकडे, तेव्हा मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, अण्णा पंखा लावा ना. त्यांनी दार लावलं, येऊन बसले. पंखा लावला नाही. मी काही बोलले नाही, नुसती बघत राहिले, आणि त्यांच्या लगेच लक्षात आलं. थोडा वेळ गेला आणि मग त्यांनीच सुरुवात केली. ताई, चार-पाच वर्षं झाली. घरी टीव्हीवरून भांडणं होतात. नात आली की तिचं बोलणं कळत नाही, बायकोकडे बघतो, ती सांगते काय म्हणाली. फोनवर आवाज येतो पण शब्द येत नाहीत. मग हो हो म्हणतो आणि नंतर कोणाकडून तरी काढून घेतो काय काम होतं ते. त्या दिवशी गाडीची घाई होती, काढून घेता आलं नाही.

मी विचारलं, सांगितलं का नाहीत? म्हणाले, धाकटीचं लग्न व्हायचंय. आणि पोरं काय म्हणतील, अण्णा बहिरा झाला.

गंगापूर रोडला एका ऑडिओलॉजिस्ट मॅडमकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडे, अण्णांना घेऊन गेले, मी स्वतः बरोबर होते. रिपोर्ट आला तो समजून घेतला. दोन्ही कान जवळपास सारखे, ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, १००० ला ३०, २००० ला ५० आणि ४००० ला ७०. हर्ट्झचा आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक, आणि डेसिबलचा आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं. मॅडम म्हणाल्या, हा ४००० जवळचा खड्डा आवाजाने कान गेल्याची खूण असते, हे कोणत्या कामावर होते? मी सांगितलं, प्रेस शॉप, एकोणीस वर्षं. आता असा कान असलेल्या माणसाला 'आ' खणखणीत ऐकू येतो, कारण स्वर जाड आवाजाचे असतात. पण स, श, त, ठ यांना जो वेगळेपणा येतो तो वरच्या बारीक आवाजामुळे, आणि तोच गेलेला असतो. साध्या फोनची लाइन तर ३४०० हर्ट्झच्या वरचं सोडतच नाही. मग सात काय, साठ काय, कानात पडतो तो नुसता 'आ' आणि मागेपुढे काहीतरी, आणि माणूस शेजारच्या बिनवर बघून ठरवतो. समोर साठचा बिन भरत होता म्हणून अण्णांनी साठ ऐकलं. मोठ्याने बोलूनही याचा फार उपयोग होत नाही, कारण मोठा होतो तो 'आ'.

मला इथे एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्यात कर्णबधिर म्हणजे दोन्ही कानांत बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीला ७० डेसिबल किंवा जास्त नुकसान, आणि ऐकू कमी येणारे म्हणजे ६० ते ७०. अण्णांची सरासरी चव्वेचाळीसच्या आसपास येते. म्हणजे कायद्याच्या कागदावर अण्णा कुठेच बसत नाहीत, सर्टिफिकेट नाही, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नाही. पण ऑडिओग्राममध्ये, म्हणजे त्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये, जे दिसतं त्याच कानामुळे दोन हजार एकशेवीस नग चाकणला गेले. दुसरीकडे तेव्हाच्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा सरकारला कळवण्याजोगा रोग म्हणून नोंदलेला होता, त्या बाजूने बघितलं तर अण्णांचे कान हा आमच्याच कारखान्याने दिलेला आजार आहे. त्या आठवड्यात प्रेस शॉपला आवाजाचा मीटर लावला तर ९६ दाखवत होता. आठ तासांसाठी मर्यादा ९० ची होती. सहाच तर जास्त असं वाटेल, पण दर तीन डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते, म्हणजे सहाला चौपट. इअर प्लगच्या रजिस्टरवर सगळ्यांच्या सह्या होत्या. प्लग मात्र बहुतेकांच्या खिशात, कारण एप्रिल-मेमध्ये घामाने ते कानात टिकत नाहीत आणि ते घातले की बाजूच्याची हाक कळत नाही. सह्या मीच घेतल्या होत्या.

त्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण करायचं आहे, आणि वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी कंपनीने त्यात सुविधा काय, पदं कोणती, संपर्क अधिकारी कोण हे सगळं लिहायचं असतं. आमचं धोरण होतं. दोन पानं, दुसऱ्या कोणाच्या तरी नमुन्यावरून उतरवलेली, फाइलला लावलेली. त्यात 'वाजवी सोयीसुविधा' हे शब्द तीन वेळा होते. त्या पोराला कधी विचारलं नव्हतं की बाबा तुला काय लागतं.

तर आता विचारलं. मुंबईच्या एका दुभाषी बाईंना व्हिडिओ कॉलवर घेतलं, दोन तास, मोठ्या स्क्रीनवर. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा तो आमच्याशी त्याच्या भाषेत बोलला आणि काय काय निघालं बघा.

सकाळचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना द्यायच्या सूचना, सातला शटरजवळ व्हायचा. बोलणाऱ्याच्या पाठीशी शटर उघडं, पूर्वेचा सूर्य सरळ डोळ्यात, बोलणाऱ्याचा चेहरा काळा. साडेतीन वर्षं तो रोज दहा मिनिटं एका काळ्या आकृतीकडे बघत उभा होता. आम्ही फक्त उलटं उभं राहायला लागलो. एक पैसा खर्च नाही. विषय पाटीवर लिहितो आणि तो पुढच्या रांगेत असतो.

मार्चमध्ये फायर ड्रिल झालं होतं, तेव्हा तो बाथरूममध्ये होता. बाहेर आला तर अख्खी शेड रिकामी, मशीनं बंद, एक माणूस नाही. त्याला वाटलं काहीतरी भयंकर झालं आणि आपण राहिलो. बाहेर हजेरी घेताना आम्ही त्याचं नाव पुकारलं, बाजूच्या कोणीतरी 'आहे' म्हटलं आणि पुढे गेलो. हे त्याने सांगितलं तेव्हा दुभाषी बाईसुद्धा क्षणभर थांबल्या. आता बाथरूम, कॅन्टीन, इन्स्पेक्शन आणि गेज रूम चारही ठिकाणी अलार्मबरोबर लखलखणारे लाल दिवे आहेत, आणि प्रत्येक शिफ्टला त्याला हात लावून बाहेर आणणारी दोन माणसं ठरलेली आहेत, एक रजेवर असली तर दुसरं.

फोर्कलिफ्ट मागे येताना पीं पीं करते, त्याचा त्याला काही उपयोग नाही. आता तिच्या मागे जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा बसवलाय, गाडी यायच्या आधी ठिपका पायाशी येतो. याचा फायदा कानात प्लग घातलेल्या सगळ्यांनाच झाला, आणि त्यानंतर प्लग घालणारेही वाढले.

आणि नाइट शिफ्ट. आम्ही त्याला नाइट कधी दिली नाही, सेफ्टीसाठी, त्याच्या भल्यासाठी. तो म्हणाला, माझ्या बरोबर लागलेल्या पोरांना दर महिन्याला नाइट अलाउन्स मिळतो, मला नाही, मी कधी मागितलं तर हसून नाही म्हणतात. भल्यासाठी म्हणून आपण किती पैसे कापले त्याचे, याचा हिशेब मी करून बघितला, मालकांपुढे ठेवला, आणि दिवे लागल्यावर ऑक्टोबरपासून त्याला नाइट सुरू झाली.

जे जमलं नाही तेही लिहिते. मोबाइलवर बोललेलं मराठीत लिहून दाखवणारं ॲप आहे, गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब, ते टॅबवर घेतलं. केबिनमध्ये एक माणूस शांतपणे बोलत असेल तर चांगलं चालतं, तो खूश होता. शॉप फ्लोअरवर चालत नाही, कंप्रेसर सुरू झाला की काहीही लिहितं, आमचे गेज, बिन असले शब्द तर फारच गडबडतात, आणि आकड्याच्या बाबतीत त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही असं आम्ही ठरवून टाकलं. दर बुधवारी चहाच्या वेळी तो आम्हाला खुणा शिकवायचा, पहिल्या आठवड्यात पंचवीस जण, दुसऱ्यात वीस, दिवाळीनंतर सात-आठच राहिले. पण त्या सात-आठांत इन्स्पेक्शनचे दोघं आहेत आणि त्यांच्याशी तो आता खरंच गप्पा मारतो, डबा त्यांच्याबरोबर खातो. आधी एकटा खायचा, मला वाटायचं त्याला एकटं आवडतं.

मालकांचा पहिला प्रश्न खर्चाचाच होता, आणि तो असणारच. दिवे, वायरिंग, टॅब, दुभाषी, सगळ्यांची कानाची तपासणी, हे सगळं मिळून त्या एका डेबिट नोटीपेक्षा कमी झालं, मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

सगळ्यात अवघड गेली ती एक सवय बदलणं. आपल्याकडे सांगून झालं की विचारतात, कळलं का? आणि त्याला उत्तर एकच असतं. होला हो करायची सवय कानाने धडधाकट असलेल्यांनाही आहे, साहेबांपुढे नाही कळलं म्हणायची लाज वाटते. म्हणून आता 'कळलं का' हा प्रश्नच बंद केलाय. काय करणार ते सांग, असं विचारायचं, आणि समोरच्याने परत बोलून, लिहून किंवा खुणेने दाखवायचं. होल्डचा निरोप फोनवर द्यायचाच नाही, ग्रुपवर आकड्यात टाकायचा, पहिल्या टॅगचा फोटो परत यायला हवा, तोपर्यंत गाडीचं गेट पास बनत नाही. ही पद्धत आम्ही कुठून आणली? त्याच्या डायरीतून. तो साडेतीन वर्षं हेच करत होता. सुरुवातीला ऑपरेटर वैतागले, आम्ही काय शाळेत आहोत का म्हणाले, महिनाभर कुरकुर चालली. एक गोष्ट मला आधी लक्षात आली नव्हती, की हाताने सात आणि साठ कधीच सारखे होत नाहीत, इन्स्पेक्शनचे दोघं आता बिनचे नंबर एकमेकांना लांबूनच खुणेने सांगतात, त्या दोघांना ऐकू व्यवस्थित येतं.

अण्णांनी कानाचं मशीन घ्यायला दोन महिने लावले. मी मागे लागले नाही, त्यांच्याकडे तो गेला. हे मला अण्णांनीच सांगितलं. कॅन्टीनमध्ये येऊन समोर बसला, स्वतःच्या कानाला हात लावून हात झटकला, म्हणजे माझं संपलं, मग अण्णांच्या कानाला बोट लावून अंगठा आणि बोटात थोडंसं अंतर धरून दाखवलं, तुमचं अजून थोडं आहे. अण्णांनी त्या शनिवारी मशीन घेतलं. प्रेसजवळ ते घालता येत नाही, तिथला आवाजच मोठा होऊन आत जातो आणि उरलेला कान जाईल, म्हणून त्यांना गेज रूमला घेतलंय, पगार तोच, सुपरवायझरच. नातीचं बोलणं कळायला लागलं, पण दोघं-तिघं एकदम बोलले की अजूनही कळत नाही म्हणतात. प्रेस शॉपच्या बाकीच्यांची तपासणी केली त्यात आणखी काही जणांना तोच खड्डा निघाला, प्रेसभोवती आवाज अडवणारे पडदे लावायचं काम अजून अर्धंच झालंय, त्याच्या मी मागे आहे.

आठ डी रिपोर्ट दुरुस्त करून कस्टमरला परत पाठवला. मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं, होल्डची सूचना फोनवर तोंडी दिली, पक्की करून घेतली नाही.

नोटीस मागे घ्यायचं पत्र मी स्वतः टाइप केलं. लहान वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट. तुमची चूक नव्हती. चौकशीच्या वेळी दुभाषी नव्हता, ती आमची चूक होती. तुम्हाला पुन्हा फायनल इन्स्पेक्शनला घेतलं आहे. त्याची अट होती की हे पत्रही त्याच बोर्डवर लागलं पाहिजे जिथे नोटीस लागली होती, आणि बहीण समोर असली पाहिजे. दोन्ही केलं. अण्णाही आले होते.

त्याने पत्र उभ्यानेच पूर्ण वाचलं. माझ्याकडून त्यात एक राहिलं होतं, सूचना सात ऐवजी साठ अशी गेली होती, असं मी अक्षरात लिहिलं होतं. त्याने माझ्या टेबलावरचं पेन घेतलं, सात च्या वर ७ काढला, साठ च्या वर ६० काढले, कागद अण्णांपुढे धरला. अण्णांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं, तोंडाने वाचले, मग त्याने सही केली.